मैफलीला मध्यंतर असते

वाचकाचे पत्र : पश्चिम महाराष्ट्रातील एका लहान शहरातून, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या ५५ वर्षांच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर यांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या सुमारे साडेतीनशे श्रोत्यांच्या व्हॉट्सॲप गटाच्या त्या तीन ॲडमिनपैकी एक आहेत. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या; त्यानंतर काही महिन्यांनी एका निवृत्त प्राध्यापकांनी हा गट सुरू केला. गटातच दक्षिण गोव्यातील एका बाईंशी, ज्या वयाने त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या आहेत, त्यांची ओळख झाली आणि गेली पाच वर्षे दोघींचे जवळपास रोज दुपारी फोनवर बोलणे होत असे. प्रत्यक्ष भेट एकदाही झालेली नाही. गटात 'शुभ सकाळ', नातवंडांचे फोटो आणि दुखणीखुपणी वाढल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्राध्यापक सरांनी 'गाण्याव्यतिरिक्त एकही संदेश नको' असा नियम केला. पुढच्याच आठवड्यात एका रात्री आठच्या सुमारास या गोव्याच्या मैत्रिणीने सासूबाईंना दवाखान्यात दाखल केल्याचे गटावर लिहिले. त्या वेळी एका ध्वनिमुद्रणावर चर्चा रंगली होती. ती 'काळजी घ्या'च्या चाळीसेक संदेशांखाली गडप झाली. सरांचा फोन आल्यावर आमच्या वाचक भगिनींनी ॲडमिन या नात्याने सर्वांसमोर लिहिले : 'हा गट ताईंच्या गाण्यासाठी आहे, घरगुती गप्पांसाठी नाही. कृपया सर्वांनी भान ठेवावे.' मैत्रीण त्याच रात्री गटातून बाहेर पडली. त्याला पाच आठवडे झाले, आणि तेव्हापासून दोघींचे बोलणे नाही. त्या विचारतात : नियम पाळला यात माझे काय चुकले? ज्यांना मी कधी पाहिलेही नाही त्यांच्यासाठी एवढी बेचैनी म्हणजे वेडेपणा आहे, असे घरचे म्हणतात, ते खरे का? आमची मैत्री खरी होती, की दोघींना ताई आवडतात एवढ्यावरच ती उभी होती? आणि मी ॲडमिनपद सोडावे का?

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे चार पानी पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा ते मला नियमाबद्दलचे वाटले, दुसऱ्यांदा मैत्रीबद्दलचे. तिसऱ्यांदा मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहून टाकल्यासारख्या एका वाक्यापाशी मी थबकले आणि तिथून पुढचे सगळे पत्र मला वेगळे दिसू लागले. त्या वाक्याकडे मी येईनच. पण त्याआधी तुम्ही ज्या क्रमाने विचारले आहे त्याच क्रमाने जाते, कारण नियमाचा प्रश्नही खरा आहे, आणि तो बाजूला सारून नुसते 'फोन करा, सगळे ठीक होईल' असे सांगणे तुमच्यावर आणि सरांवरही अन्याय करणारे ठरेल.

सरांची बाजू मला समजते. तुम्ही लिहिले आहे की त्यांनी स्वतःजवळच्या जुन्या कॅसेट दोन उन्हाळे खपून एकेक करून संगणकावर उतरवल्या, प्रत्येकीवर राग, ताल आणि साथीदारांची नोंद केली, आणि मग त्या गटासमोर ठेवल्या. अशा माणसाने भूप रागातल्या एखाद्या गंधार स्वराविषयी चार ओळी लिहाव्यात, कुणा जाणकाराने त्यावर मनापासून उत्तर द्यावे, आणि घटकाभराने पाहावे तर ते उत्तर फुलांच्या आणि जोडलेल्या हातांच्या चित्रांखाली सापडेनासे झालेले असावे, याचा त्रास कुणालाही होईल. व्हॉट्सॲपवर सगळे संदेश एकामागोमाग एकाच रांगेत येतात. गाण्यावरचे टिपण आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांना तिथे वेगवेगळे कप्पे नसतात. सर कुणाला दुखवायला निघाले नव्हते. आपण जपून आणलेली वस्तू पायदळी जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

माझी शंका आहे ती नियमाच्या शब्दांपाशी. 'गाण्याव्यतिरिक्त एकही संदेश नको' असे म्हणताना, गाणे कुठे संपते आणि घरगुती गप्पा कुठे सुरू होतात हे आपल्याला नेमके ठाऊक आहे, असे धरून चाललेले असते. तुमच्याच पत्रातला प्रसंग घ्या. गेल्या मे महिन्यात तुमच्या मैत्रिणीने गटावर कुर्डीचा फोटो टाकला होता. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे, म्हणजे ताईंच्या आईचे आणि गुरूंचे, हे गाव गोव्यातल्या सांगे तालुक्यातले. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गेले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ आणि घरांचे चौथरे पुन्हा उघडे पडतात, तेव्हा तिथून उठून गेलेली कुटुंबे तिथे जमतात. तुमची मैत्रीण त्या गर्दीत होती. फोटोच्या खालच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या चिखलाने माखलेल्या चपलांची टोके आली होती, हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे. सरांनी त्या फोटोखाली मोठे टिपण लिहिले : १९०४ साली या गावात जन्मलेल्या मुलीने पुढे जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम कशी मिळवली, आणि ती तालीम आईकडून मुलीकडे कशी आली. गटात तो दिवस सणासारखा गेला, असे तुम्ही म्हणता. त्याच संध्याकाळी तुमच्या मैत्रिणीने पुढे लिहिले की परतताना बाजारातून मानकुराद आंबे आणले आणि सासूबाईंनी कितीतरी दिवसांनी काहीतरी आवडीने खाल्ले. आणि त्या संदेशावर 'विषयाला धरून लिहावे' अशी पहिली सूचना आली. देऊळ गाण्यात बसते आणि आंबे बसत नाहीत, हे एकवेळ मान्य करू. पण त्या चपलांची टोके कुठे बसवायची? ज्या पायांनी त्या कुर्डीला गेल्या त्याच पायांनी घरी येऊन त्यांनी सासूबाईंना आंबा कापून दिला, आणि ते दोन्ही त्यांनी एकाच दिवशी एकाच आनंदात तुम्हा सर्वांना सांगितले. त्यांच्या मनात ती दोन खाती नव्हती. मला वाटते, गटातल्या बहुतेकांच्या मनात ती नसावीत; म्हणून तर दवाखान्याची बातमी येताच चाळीस जणांना चर्चा सोडून दोन शब्द लिहावेसे वाटले.

सर तुम्हाला फोनवर म्हणाले की ताईंनी हे क्षणभरही चालवून घेतले नसते. हे वाक्य माझ्या फार ओळखीचे आहे. कुठल्याही मोठ्या कलावंताच्या चाहत्यांचा आपसातला वाद मिटेनासा झाला की ते कलावंतालाच साक्षीला उभे करतात, आणि तो कलावंत हयात नसेल तर त्याला काहीही म्हणायला लावता येते. ताईंच्या बाबतीत ते सोपेही आहे. तंबोरे मनाजोगते लागेपर्यंत त्या गायला सुरुवात करत नसत आणि समोरची चुळबुळ, उठबस खपवून घेत नसत, हे त्यांच्या मैफलींना गेलेले लोक आजही सांगतात. गाणे ही त्यांच्यासाठी करमणूक नव्हती आणि श्रोत्याने ते करमणूक म्हणून ऐकावे हे त्यांना सोसत नसे. परंतु ही शांतता त्या मागत होत्या ती स्वराचा शोध घेण्यासाठी. समोर बसलेल्या माणसांनी एकमेकांची विचारपूसही करू नये, अशी त्यांची अट असल्याचे मी कुठे वाचले-ऐकलेले नाही. शिवाय मैफलीला मध्यंतर असते.

या मध्यंतराचा विचार तुम्ही आणि सरांनी मिळून करावा, असे मला मनापासून वाटते. मध्यंतरात बाहेर चहाच्या रांगेत उभे असलेले लोक 'काय रिषभ लावला!' एवढे म्हणतात आणि लगेच मुलाच्या बारावीवर, गुडघ्यांवर, घरी जायला शेवटची बस किती वाजता आहे यावर येतात. पुन्हा तंबोऱ्याचा आवाज आला की तीच माणसे आत येऊन श्वास रोखून बसतात. यात ना गाण्याचा अपमान होतो ना गुडघ्यांचा, कारण बैठकीची जागा वेगळी आहे आणि चहाची जागा वेगळी. फोनवरच्या गटाला ही सोय नसते. तिथे बैठक आणि चहाची रांग एकाच सतरंजीवर येतात, तीही चोवीस तास, आणि पुढचा राग सुरू होत आहे हे सांगणारा तंबोरा तिथे वाजत नाही. तेव्हा तुमच्या गटात जे घडले त्यात तुमच्या मैत्रिणीचा बोलघेवडेपणा आणि सरांचा करडेपणा यांचा वाटा मला कमी दिसतो. साडेतीनशे माणसांना एकाच खोलीत बसवून कुणी ऐकायला आले आहे आणि कुणी बोलायला, हे न ठरवल्याचा अधिक दिसतो.

येथे थोडे माझे सांगते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी बरीच वर्षे जात असे. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर भरत असे तेव्हा भारतीय बैठकीत, डाव्या बाजूच्या एका खांबापाशी, आम्ही चार-पाच अनोळखी बायका दरवर्षी न ठरवता सतरंजी टाकत असू. त्यांतल्या एकीजवळ निळ्या झाकणाचा थर्मास आणि डबाभर गुळाच्या पोळ्या असत. तिच्या सुनेचे बाळंतपण अवघड झाले होते, तिच्या यजमानांना गाण्याची आवड नव्हती तरी ते तिला रात्री घ्यायला यायचे, हे सगळे मला ठाऊक होते. आडनाव आणि फोन नंबर विचारायचा मात्र राहिला, कारण पुढच्या वर्षी ती खांबापाशी असणारच होती. २०१८ साली महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. नवा मांडव, नवी बैठक. मी पहिले दोन दिवस निळे झाकण शोधत फिरले. त्या वर्षांमध्ये ऐकलेल्या पुष्कळ गाण्यांचा तपशील आता माझ्या मनातून पुसट झाला आहे, पण तिच्या थर्मासातल्या चहाला वेलदोडा जास्त असे, हे मला अजून जिभेवर आठवते. म्हणून 'गाण्याच्या निमित्ताने झालेल्या किरकोळ गप्पा' हे शब्द तुमच्या पत्रात आले तेव्हा मला त्यातला 'किरकोळ' खटकला.

आता मैत्रीचा प्रश्न. ती ताईंमुळेच होती का, असे तुम्ही विचारता. सुरुवात ताईंमुळे झाली, यात वादच नाही. 'सहेला रे' या बंदिशीच्या दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना तुमचे पहिल्यांदा बोलणे झाले, हे तुम्ही लिहिलेच आहे. पण तुमचे पत्र पुन्हा उघडून पाहा. चार पानांत ताईंच्या गाण्याचा उल्लेख तीनदा येतो. उरलेले सगळे पत्र त्या दुसऱ्या घराविषयी आहे : त्यांच्याकडे स्वयंपाकघरातच तेवढी रेंज मिळते, म्हणून त्या फोन तांदळाच्या डब्यावर टेकवून ठेवतात, सव्वाबाराला कुकर लागतो आणि तिसरी शिट्टी झाली की 'चला, पाने घेते' म्हणून बोलणे संपते, तुमच्या लेकीचे लग्न मोडले तेव्हा सख्ख्या बहिणीच्याही आधी तुम्ही ते त्यांना सांगितले, पावसाळ्याआधी त्यांच्याकडून आमसुलांची पुडी टपालाने येते आणि तिच्यावर पत्ता त्यांच्या तिरप्या अक्षरात असतो. पाच वर्षांनंतरही तुम्ही एकमेकींना 'अहो' म्हणता, यातही मला दुरावा दिसत नाही. त्या पिढीच्या दोघी बायका एकमेकींना जपतात ते असेच. पन्नाशीत आपल्याकडच्या बाईला नवी मैत्रीण मिळायची म्हणजे ती बहुधा नवऱ्याच्या कचेरीतून, मुलांच्या शाळेतून किंवा शेजारच्या दारातून येते. ही एक मैत्रीण तुम्ही स्वतःच्या कानांनी निवडली. घरच्यांना ती दिसली नाही, कारण ती कधी तुमच्या सोफ्यावर येऊन बसली नाही. त्यांच्या बोलण्यात तुमच्याविषयीची काळजीच असावी असे मी धरते. पण 'पाहिलेले नाही' आणि 'ओळखत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्यांना एकदा सविस्तर सांगितलेत तर त्यांनाही तसे वाटेल.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला सावध करते, आणि हे तुमच्यासारख्या पुष्कळांना लागू आहे. एकाच गायिकेच्या एकाच स्वराने दोघांच्या डोळ्यांत पाणी येते तेव्हा हा माणूस आतून-बाहेरून आपल्यासारखाच आहे, असा भास होतो. तो खरा नसतो. तुम्ही दुःख एकीच्याच कानात सांगणाऱ्या आहात. तुमच्या मैत्रिणीला ते चारचौघांत मांडले की हलके वाटते. तुम्हाला गट म्हणजे सभागृह वाटते, त्यांना तो ओसरीसारखा वाटत असावा. ताईंचा भूप दोघींना सारखा भावला म्हणून हा फरक नाहीसा होत नाही, आणि तो तुम्ही आजवर पाहिला नव्हता, कारण दुपारच्या बोलण्यात त्याची गरज पडली नव्हती.

आता ते वाक्य. तुम्ही लिहिले आहे : 'त्या दिवशी दुपारी त्यांचे दोन फोन येऊन गेले होते, पण मी लेकीकडे निघाले होते, बसमध्ये फार गर्दी होती, म्हणून उचलले नाहीत.' पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा नियमाकडे वळला आहात. यात तुमचा दोष नाही. फोन न उचलण्याचे याहून योग्य कारण काय असणार? पण त्या दुपारची त्यांच्या बाजूने कल्पना करून पाहा. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे आहे किंवा नुकतेच नेले आहे. ज्या एका माणसाला सांगावेसे वाटते त्याला दोनदा फोन लावला, तो लागला नाही. रात्री आठला थोडी उसंत मिळाली तेव्हा जिथे माणसे जागी असतात तिथे जाऊन त्यांनी चार ओळी लिहिल्या. तुम्हाला सांगायचे राहिलेले त्यांनी सगळ्यांना सांगितले, आणि त्यावर सगळ्यांसमोर जे उत्तर आले ते तुमचे होते. तुमच्या संदेशातले प्रत्येक विधान नियमाला धरून होते. 'सर्वांनी' हा शब्दही तुम्ही त्यांचे नाव घ्यावे लागू नये म्हणूनच घातला असेल. परंतु त्या रात्री त्या गटात भान ठेवायला सांगावे अशी एकच व्यक्ती होती आणि ते साडेतीनशे जणांना कळत होते.

आणखी एक बारीक गोष्ट. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कुणी गट सोडला की त्याची सूचना इतरांना जात नाही, केवळ ॲडमिनना जाते. म्हणजे त्या गेल्याची सूचना त्या रात्री तुम्हा तिघांनाच मिळाली. त्यांनी रागाचा एकही शब्द मागे ठेवला नाही, कुणाला साक्षीला घेतले नाही. हे दुखावल्याचे लक्षण असू शकते. तितक्याच शक्यतेने असेही असेल की दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला चाळीस संदेशांची किणकिण नकोशी झाली आणि तिने ती बंद केली. पाच आठवडे तुम्ही पहिल्या शक्यतेला खरे मानून गप्प राहिलात. त्या मात्र या पाच आठवड्यांत कशातून गेल्या, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि पत्रात त्याविषयी एकही ओळ नाही. सासूबाई बऱ्या झाल्या का? त्या आहेत ना?

म्हणून माझा सल्ला असा. फोन करा, आणि पहिले वाक्य गटाविषयी किंवा माफीविषयी नसू द्या. पहिला प्रश्न 'सासूबाई कशा आहेत?' हाच असावा, आणि त्याचे उत्तर जितका वेळ चालेल तितका वेळ ऐका. उत्तर वाईट असेल तर त्या दिवशी बाकी काहीच बोलू नका. ते चांगले असेल आणि बोलण्यात जागा मिळाली, तर साधेपणाने म्हणा : 'त्या दिवशी दुपारी तुमचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत, आणि नंतर केलाही नाही. रात्री तुम्ही सांगितलेत तर मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. ते मी करायला नको होते.' एवढे पुरे. 'पण नियम होता', 'पण सरांचा फोन आला' हे त्यात आणू नका. ते खरे असले तरी ते त्यांच्या उपयोगाचे नाही. गटात परत या, असा आग्रहही त्या फोनवर करू नका, कारण त्यामुळे तुम्हाला मैत्रीण हवी आहे की सभासद, असा प्रश्न त्यांना पडेल.

रसिक माणसांना होणारा एक मोह तुम्हालाही होईल, असे वाटते म्हणून सांगते. सरांच्या कॅसेटींतले एखादे दुर्मीळ ध्वनिमुद्रण पाठवावे, खाली काहीच लिहू नये, त्यांना समजेल ते समजेल, असे तुमच्या मनात येऊन गेले असेल. ते आत्ता करू नका. गाण्याच्या आडून मागितलेली माफी सुंदर दिसते, पण समोरच्या माणसाने तिला 'छान आहे' यापलीकडे काय उत्तर द्यायचे? तसेच गटातल्या तिसऱ्या कुणाकरवी निरोप धाडू नका. फोन उचलला गेला नाही तर दोन दिवसांनी पुन्हा एकदा करा. तेव्हाही नाही, तर आमसुलांच्या पुडीवरचा पत्ता तुमच्याकडे आहे. पोस्टकार्ड नको, बंद पाकिटातले पत्र पाठवा. त्यानंतरही उत्तर आले नाही तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि तो तुम्हाला मान्य करावा लागेल. पण ती वेळ अजून आलेली नाही.

ॲडमिनपद एवढ्यात सोडू नका. तुम्ही सोडले तर नियम तसाच राहील आणि पुढच्या वेळी दवाखान्याची बातमी घेऊन येणाऱ्या माणसाला तुमच्याहून कमी हळव्या कुणाचा तरी संदेश मिळेल. सरांशी बोला, आणि तेही प्रत्यक्ष जाऊन. व्हॉट्सॲपवर आता 'कम्युनिटी' करून एका छताखाली दोन-तीन गट ठेवता येतात. एकाचे नाव 'मैफल' असू द्या : तिथे फक्त गाणे, आणि सरांना हवी तितकी कडक शिस्त, आठवड्यातून एक रात्र ठरवून सर्वांनी एकच ध्वनिमुद्रण ऐकावे आणि मगच लिहावे. दुसऱ्याचे नाव 'मध्यंतर' असू द्या : तिथे नातवंडे, आंबे, गुडघे आणि कुर्डीच्या चपला. ज्यांना नको ते तिथे जाणार नाहीत. सरांना हे पटवताना 'गप्पांनाही जागा हवी' असे म्हणण्यापेक्षा 'मैफलीचे रक्षण मध्यंतरामुळेच होते' असे म्हणालात तर ते लवकर ऐकतील, आणि ते खरेही आहे. तिन्ही ॲडमिननी आपसात आणखी एक ठरवावे : कुणाही सभासदाला काही सांगायचे असेल तर आधी त्या व्यक्तीला फोन, मग खासगी संदेश, सर्वांसमोर सूचना फक्त सर्वांसाठी असेल तेव्हाच. आजारपणाची किंवा मृत्यूची बातमी चुकून 'मैफल'मध्ये आली तर ती ॲडमिनने स्वतः दोन सहानुभूतीच्या शब्दांसह 'मध्यंतर'मध्ये न्यावी. सर याला अजिबात तयार झाले नाहीत, तर मग पद सोडा आणि साधे श्रोते म्हणून राहा.

कुमार गंधर्वांच्या, भीमसेनजींच्या, लतादीदींच्या गाण्याभोवती जमलेले असेच कितीतरी गट आहेत, आणि आजच्या गायकांच्या मागे इन्स्टाग्रामवर जमलेली मुले-मुलीही याच अनुभवातून जात असतात. त्यांनाही थोडे सांगते. फोनवर जोडलेल्या मैत्रिणीला पहिल्यांदा भेटायचे तर एखाद्या कार्यक्रमाला भेटा, सोबत घरचे किंवा ओळखीचे कुणी असू द्या. पैशांची देवघेव या ओळखींत आणू नका. खरी गरज असेल तर घरच्यांना विचारून करा. एकाने विश्वासाने सांगितलेले आजारपण किंवा घरातली भांडणे दुसऱ्या गटात पोहोचवू नका, आणि कुणाच्या घरगुती बैठकीचे ध्वनिमुद्रण त्या घराला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. आणि ज्या माणसाशी तुम्ही रोज बोलता त्याचे नाव आणि नंबर तुमच्या घरातल्या निदान एका व्यक्तीला माहीत असू द्या, त्यांच्या घरातल्या एकाचा नंबर तुमच्याजवळ असू द्या. उद्या काही झाले तर कळवायचे कुणी, याचे उत्तर अशा मैत्रीत बहुतेकदा कुणाकडेच नसते. तुमच्याकडे त्यांच्या मुलाचा नंबर असता तर हे पाच आठवडे असे गेले नसते.

तुम्ही शेवटी लिहिले आहे की फोन हातात घेते आणि 'आता कुठल्या वेळी करू' असे म्हणून खाली ठेवते. वेळ तर तुमच्याच पत्रात आहे. उद्या सव्वाबाराला, कुकर लागल्यावर करा; तिसऱ्या शिट्टीपर्यंत त्या ओट्यापाशीच असतील.